माझ्या पाठीवरची पट्टी

मित्रांनो, मी एका कोरियन टोनरची बाटली आहे. आता रिकामी, झाकणाला चीर गेलेली, आणि वयाने म्हणाल तर जेमतेम दीड वर्षाची. एवढ्यात हिला कसली आत्मकथा सुचली, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. जात्याने सांगावं, पाट्याने सांगावं, चार पिढ्यांचं लग्नकार्य पाहिलेल्या समईने सांगावं. पण त्यांच्यापाशी सांगण्यासारखं बहुधा चांगलंच असतं. माझ्यापाशी एक अपराध आहे, आणि अपराध फार दिवस पोटात ठेवला की तो आंबतो. म्हणून सांगते.

टोनर म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. साबणाने तोंड धुतलं की थोड्या वेळाने कातडी ओढल्यासारखी होते ना? ती तशी होऊ नये म्हणून तोंड ओलसर असतानाच तळहातावर चार थेंब घेऊन हलक्या हाताने थापायचं पाणी, ते टोनर. कोरियातल्या बायका हे काम फार निगुतीने करतात, म्हणून तिकडच्या बाटल्यांना सगळीकडे मान.

माझा जन्म तिथल्याच एका कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून आम्ही शेकडो बहिणी रांगेने पुढे जात होतो. वरून नळी यायची, पोट भरायचं, झाकण बसायचं, की चल पुढे. तिथे आमची दोन घराणी होती. एक घराणं पाणी देणाऱ्यांचं. त्या बुटक्या, गोल पोटाच्या. त्यांच्या पोटातला अर्क पाणी धरून ठेवतो आणि कातडीला सावकाश पाजत राहतो. कोरड्या तोंडाला त्यांच्यासारखी सोबत नाही. दुसरं घराणं माझं. आम्ही उंच, सडपातळ, हिरवट. आमच्या पोटात आम्ल. कातडीवर मेलेला थर साचतो, तो सोडवून काढणं हे आमचं काम. काम वाईट नव्हे. तेलकट, जाड कातडीला आम्ही मानवतो. पण आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, तेही रात्री, अगदी थोडं, आणि दुसऱ्या दिवशी ऊन सांभाळून. ज्यांची कातडी कोरडी, नाजूक, आधीच उन्हाने भाजलेली, त्यांनी आमच्या वाटेला जाऊ नये.

हे सगळं माझ्या अंगावर लिहिलेलं होतं, पण तिकडच्या लिपीत. जहाजाने इकडे आले तेव्हा भिवंडीकडच्या एका गोदामात माझ्या पाठीवर एक पांढरी पट्टी चिकटवली गेली. कोणी आणली, किंमत काय, कशी वापरावी, काय टाळावं, सगळं बारीक इंग्रजी अक्षरांत. मला त्या पट्टीचा भारी राग आला. माझ्या पाठीवर वेलीचं नाजूक चित्र होतं, ते निम्मं झाकलं गेलं. मी स्वतःला फार देखणी समजत होते ना! इकडच्या माणसांशी बोलायला मला तेवढी एकच जीभ मिळाली होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

मला मागवलं ते महाडच्या स्नेहलने. बाजारपेठेतल्या एका बोळात तिचं छोटं पार्लर आहे. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसते, आरसा तिने मुद्दाम त्या रेघेच्या वर टांगलेला. नवरा विनीत एमआयडीसीतल्या कंपनीत पाळीवर जातो. बाई हुशार, हात हलका, बोलणं गोड. पण हुशार माणसंही फसतातच. मोबाइलवर काचेसारखा लखलखीत चेहरा असलेली एक मुलगी दिसली आणि तिच्या हातात माझ्यासारखी बाटली दिसली, झालं! टोनर निवडताना आरशात आपलं तोंड बघायचं असतं. स्नेहलने मोबाइलमधलं बघितलं. तरी नशीब, माझ्याबरोबर पाणी देणाऱ्या घराण्यातली एक गोल बहीणही तिने मागवली होती.

स्नेहलची कातडी कोरडी. पहिल्याच रात्री तिने मला गालांवर लावलं आणि दोन मिनिटांत ती नळाकडे धावली. दोन दिवस गाल लाल. मग तिने चष्मा लावून माझ्या पाठीवरची पट्टी वाचली आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारला. तेव्हापासून माझी जागा फळीवर मागे, केसांच्या रंगाच्या खोक्यांच्या आड. बहीण मात्र आरशापुढे. रोज सकाळ-संध्याकाळ तिचे चार थेंब तळहातावर, थापथाप, आणि वरून साधं क्रीम, म्हणजे आत गेलेलं पाणी उडून जात नाही. महिन्याभरात स्नेहलचा चेहरा कसा मऊ, टवटवीत झाला. गिऱ्हाइकं विचारायची, काय लावतेस गं? आणि ती बहिणीला उचलून दाखवायची. मी मागून बघत राहायचे. जळत नव्हते असं म्हणाले तर ते खोटं होईल.

मग मे महिना आला, आणि एक डबा आला.

डबा स्टीलचा होता, त्यावर टिंबांनी कोरलेलं नाव होतं, बायजा. बायजा ही स्नेहलची थोरली जाऊ. रायगडाच्या पायथ्याला हिरकणीवाडीत राहते आणि गड चढायला आलेल्या लोकांना पिठलं-भाकरी, ताक करून घालते. ती लग्न होऊन आली तेव्हा विनीत दुसरीत होता. सासू लवकर गेली, म्हणून त्याची अंघोळ, शाळा, ताप-खोकला सगळं बायजानेच केलं. नात्याने जाऊ, पण स्नेहलला सासूच्या जागी. आणि सासूच्या जागी असून कधी टोचून बोलली नाही, हे आणखी विशेष.

डब्यात करवंदं होती, काळीभोर. ती काढताना काट्यांनी हात कसे फाटतात ते काढणाऱ्यालाच ठाऊक. रानातलं, शेतातलं जे पहिलं हाती येईल, त्याचा वानवळा बायजाने महाडला धाडला नाही असं एक वर्ष गेलं नाही. काकडी आधी महाडला, नवे तांदूळ आधी महाडला. संध्याकाळी तिचा फोन आला.

"स्नेहल गो, करवंदं पोचली काय?"

"पोचली ताई. किती गोड आहेत!"

"आनि ऐक. तुज्या पार्लरात तोंडाला लावायचं कसलं पानी असतंय ना, त्ये माज्यासाठी धाड थोडं. चुलीपुढं बसून तोंड पार करपलंय बघ. हसलं तरी ओढतंय."

बायजाने कधी काही मागितलं नव्हतं. ही पहिली वेळ. आणि आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहेच, आलेला डबा रिकामा परत करायचा नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर, पण तळ झाकला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी विनीतला सुट्टी होती. गाडीची किल्ली बोटात फिरवत तो पार्लरच्या दारात उभा. स्नेहलने डबा धुतला, पुसला, आणि फळीकडे हात नेला. आधी तिने गोल बहिणीला उचललं. हलवून बघितलं. अर्धी उरली होती. बायजाच्या कोरड्या तोंडाला हवी होती ती हीच, हे स्नेहलला पक्कं ठाऊक होतं. पण तिच्याशिवाय आता तिचं स्वतःचं चालत नव्हतं. तिने बहिणीला जागेवर ठेवलं. मग तिचा हात खोक्यांच्या मागे आला, आणि मी उजेडात आले.

मी जवळजवळ भरलेली होते. दिसायला बहिणीपेक्षा उजवी होते. डब्यात शोभले असते.

"अगं चल ना, ऊन वाढतंय," विनीत म्हणाला.

"थांब, किंमत काढते."

देताना किंमत दिसू नये, हीसुद्धा रीतच. आहेराच्या साडीवरची चिठ्ठी आपण काढतो, तसंच. स्नेहलने खोबरेल तेलाचं बोट माझ्या पाठीवर फिरवलं आणि नखाने पट्टी सोडवायला घेतली. पट्टी निघता निघता तिचे डोळे त्या अक्षरांवर गेले. ओठ हलले. रात्री वापरा. उन्हात जाणार असाल तर टाळा. नाजूक त्वचेवर नको. नख क्षणभर थांबलं.

"फोनवर सांगीन," ती पुटपुटली.

"काय?" विनीतने विचारलं.

"काही नाही."

किंमत आणि ताकीद एकाच कागदावर होती, दोन्ही एकदमच केरात गेली. फोनवर सांगायचं तर 'मला ते झोंबलं' हेही तिला सांगावं लागलं असतं. आणि 'झोंबलं तर मला का धाडतेस गो,' असं बायजाने विचारलंच असतं. माणूस खोटं बोलत नाही, नुसता गप्प बसतो, आणि त्याला वाटतं की आपण काहीच केलं नाही.

आणि मी? मित्रांनो, इथे माझा अपराध. डब्याचं झाकण लागलं तेव्हा मला आनंद झाला होता. ती पट्टी गेली, माझी वेल मोकळी झाली, आणि कुणालातरी मी हवी होते. आपण जिथे निघालो तिथे आपली गरज आहे की आपलं भय आहे, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही.

हिरकणीवाडीत बायजाने डबा उघडला आणि तिचा चेहरा असा खुलला की काय सांगू! रस्त्याच्या कडेला तिचं पत्र्याचं हॉटेल, पुढे दोन बाकडी, मागे चूल. तिने मला ओल्या हाताने न धरता पदराने धरलं आणि शेजारच्या हॉटेलवाल्या रंगूबाईला दाखवायला नेलं.

"जावेनं धाडलंय. परदेशी हाय."

"अगो बाय! आता तुजा फोटू गडाच्या रोपवेच्या तिकिटावर छापतील," रंगूबाई म्हणाली आणि दोघी खोखो हसल्या.

कसं लावायचं ते विचारायला बायजाने फोन केला. स्नेहल तेव्हा कुणाच्या तरी भुवया करत होती. दोऱ्याचं एक टोक दातांत, हे तिच्या बोलण्यावरूनच कळत होतं. "तोंड धुऊन लावा ताई. थोडंच लावा हं. मी नंतर नीट सांगते," एवढंच बोलून तिने फोन ठेवला. ते नंतर काही आलं नाही. नंतर म्हणजे काय, हे आपल्याला सगळ्यांनाच ठाऊक आहे.

मग रंगूबाईने आपल्या मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. त्यातली कोरियन बाई तोंडावर टोनर थापते, सुकलं की पुन्हा थापते, असं सात वेळा. तसं करतात, खोटं नाही. पण ते गोल बहिणीच्या घराण्याचं, नुसतं पाणी पाजणाऱ्या टोनरचं. आमचं नव्हे! आमचा एक थर पुष्कळ होतो. व्हिडिओतल्या बाटलीत आणि माझ्यात फरक काय, हे बायजाला कोण सांगणार? सांगणारी पट्टी महाडला केरात होती.

"सातदा लावायचं असतंय," बायजा म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चूल पेटवायच्या आधी तिने मोजून सातदा लावलं. मग चुलीपुढे बसली. भाकऱ्या थापून झाल्या की डोक्यावर ऊन घेत विहिरीवर पाण्याला गेली. आल्यावर पुन्हा चूल. माझं आम्ल, खाली धग, वर मे महिन्याचं ऊन.

पहिल्या दिवशी तिचं तोंड झोंबलं. तिने डोळे मिटून घेतले, हाताने वारा घातला, पण पुसलं नाही. चौथ्या दिवशी गाल तांबडे झाले. सहाव्या दिवशी नाकाच्या कडेने पापुद्रे सुटले. रंगूबाई म्हणाली, "ह्ये काय गो झालंय?" तर बायजा म्हणते, "आतला मळ सुटतोय. औशद कडूच असतंय." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सातदा. मी मोजत होते. रोज मोजत होते. माझ्या पोटातलं कमी होत होतं आणि तिच्या तोंडावर ते उमटत होतं, आणि मला घसा नव्हता.

दहाव्या दिवशी गालाच्या हाडावर जखमेसारखा ओला चट्टा पडला. त्या दुपारी पुण्याकडची एक गाडी हॉटेलपुढे थांबली. नवरा-बायको, दोन मुलं. बाई बाकड्याकडे आली, बायजाने हसून ताटं पुसायला घेतली, आणि बाईची नजर तिच्या तोंडावर गेली. तिने मुलाचा हात मागे ओढला. "इथे नको," ती नवऱ्याला हळू म्हणाली, पण बायजाला ऐकू जाईल इतकं मोठ्याने. ती सगळी रंगूबाईकडे गेली. रंगूबाईने ओरडून सांगितलं, "माजं पिठलं सरलंय, बायजाकडचं खावा." तिचं पातेलं काठोकाठ भरलेलं मला इथून दिसत होतं. पण ती माणसं गाडीत बसून निघून गेली.

मग हे रोजचं झालं. बायजा पदर तोंडावर घ्यायला लागली, तर लोकांना आणखीच शंका. संध्याकाळी पिठल्याचं पातेलं तसंच राहायचं आणि ती ते शेजारच्या गोठ्यातल्या म्हशींना घालायची. सहा जून दहा-बारा दिवसांवर आला होता. राज्याभिषेकाच्या त्या दिवसांत गडाखाली पाय ठेवायला जागा नसते. त्या तीन-चार दिवसांच्या कमाईवर बायजाचं घर पावसाळा काढतं. तिच्या हातची चव सगळ्या वाडीला माहीत, पण जेवायला येणारा आधी तोंड बघतो. आणि ते तोंड मी असं करून ठेवलं होतं.

त्या रविवारी विनीत आला. वहिनीला बघून गाडीवरून उतरायचाच राहिला. "काय झालं गं हे? बस, आत्ता बस मागे." बायजा नको नको म्हणत होती. शेवटी तिने मला कापडी पिशवीत टाकलं, कारण इथे ठेवली तर वाडीच्या पोरी संपवतील. आणि मित्रांनो, त्याही दशेत तिने डबा भरून घेतला. जांभळं होती.

पार्लरच्या पायरीवर ती उभी राहिली. एका हातात डबा, दुसऱ्या हाताने पदर बाजूला केलेला. "बघ गो स्नेहल, काय झालंय."

स्नेहलच्या हातातला कंगवा खाली पडला. तिला विचारावं लागलं नाही. ती एका दमात सगळं समजली. आणि ती समजली हे बायजाला समजलं. त्या क्षणी दोघींच्या तोंडाकडे बघणं मला नको झालं होतं. "चला ताई, डॉक्टरकडे," एवढंच स्नेहल म्हणाली.

कातडीच्या डॉक्टर एक बाई होत्या, शांत, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी दिवा जवळ ओढून चट्टा बघितला.

"काय लावलं होतं तोंडाला?"

मी बायजाच्या मांडीवरच्या पिशवीत होते. बायजाने स्नेहलकडे मान वळवली नाही. "काय नाय मॅडम. रानात गेलते, बिब्बा उतून कातडी भाजली असंल."

"बिब्बा? सगळ्या तोंडावर सारखा?"

"चीक उडाला असंल."

डॉक्टरबाईंनी चिठ्ठी पुढे ओढली. आता सांगा, बायजा खोटं का बोलली? स्नेहलचं बाजारात पार्लर आहे, गावात तिचं नाव जायला नको, म्हणून. स्वतःचं तोंड सोलून निघालं आहे आणि हिला जावेच्या तोंडाची काळजी! आणि जाऊ शेजारी बसली आहे, मान खाली घालून. गप्प बसलं की काहीच केलं नाही असं वाटतं, ही सवय सुटायला जड. डॉक्टरबाईंचं पेन कागदावर टेकलं. चुकीच्या दुखण्याचं औषध लिहिलं जाणार होतं.

तेवढ्यात पिशवीत हात आला. स्नेहलने मला बाहेर काढून टेबलावर ठेवलं.

"मॅडम, बिब्बा नाही. हे लावलंय. मी दिलं होतं."

डॉक्टरबाईंनी मला फिरवलं. पाठीवर जिथे पट्टी होती तिथला चिकट डाग त्यांच्या बोटाला लागला. "इथली माहितीची पट्टी?"

"मी काढली. देताना किंमत दिसू नये म्हणून."

डॉक्टरबाईंनी मोबाइलचा कॅमेरा माझ्यावर धरून कोरियन अक्षरांचं भाषांतर वाचलं. "यात आम्ल आहे. कितीदा लावत होता?"

"सातदा," बायजा म्हणाली. "रोज. सकाळी."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "साबणसुद्धा लावू नका काही दिवस. साधं पाणी, हे मलम, हे क्रीम. तीन आठवडे ऊन नाही आणि चूल नाही. नाहीतर डाग कायमचा राहील. कोणतीही नवी वस्तू आधी कानामागे लावायची, एक दिवस थांबायचं, मग तोंडाला. कोणाचीही असो, कितीही महाग असो."

"मॅडम, चूल नाय तर सहा जूनला करू काय?" बायजाने विचारलं.

बाहेर बाकड्यावर दोघी बसल्या. विनीत औषधं आणायला गेला होता. स्नेहल रडायला लागली, पण रडून सुटका नव्हती हे तिलाही कळत होतं. ती म्हणाली, "ताई, मला हे पहिल्याच दिवशी झोंबलं होतं. मला नको होतं, म्हणून तुम्हाला दिलं. चांगली बाटली मी माझ्याकडे ठेवली."

समोर रस्त्यावरून पाचाडची एसटी गेली, तिचा धुरळा खाली बसला.

"मलापन पैल्याच दिशी झोंबलं गो," ती म्हणाली. "पुसणार होते. पन म्हटलं, डब्यातनं आलेलं हाय. आपल्या मानसानं डब्यात घातलेलं वंगाळ कसं असंल? माजंच तोंड रानटी, त्याला सवय नाय. म्हणून लावत ऱ्हायले."

मित्रांनो, माझं आम्ल तिच्या कातडीच्या वरच्या थरात गेलं होतं. हे बोलणं स्नेहलला किती खोल गेलं ते मी पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी पार्लरला कुलूप लागलं आणि स्नेहल हिरकणीवाडीत आली. लग्नसराईचे शेवटचे दिवस होते, दोन नवऱ्या मुलींना सजवायचं ठरलेलं होतं, त्यांना तिने दुसरीकडे पाठवलं. बायजाला तिने मागच्या पडवीत, सावलीला, बाजेवर बसवलं आणि स्वतः चुलीपुढे बसली. शहरात वाढलेली पोर. पहिल्या दिवशीच्या भाकऱ्या कोकणच्या नकाशासारख्या, काठाला फाटलेल्या. पिठल्यात गुठळ्या. बायजा पडवीतून ओरडायची, "पानी आदी उकळू दे गो! पीठ वरनं सोड!" बोटं भाजली, डोळे धुराने सुजले, पण तिने तक्रार केली नाही. राज्याभिषेकाच्या दिवसांत बाकडी भरली. कुणी नावं ठेवली, कुणी दोनदा मागून घेतलं. दरवर्षीसारखं झालं नाही, पण चूल थंडही राहिली नाही. पावसाळ्यापुरतं जमलं.

या सगळ्या दिवसांत मी स्नेहलच्या पिशवीतच होते. मला फेकून द्यायला तिचा हात धजत नव्हता. एका सकाळी तिने माझ्या पोटात उरलेलं मोरीत ओतलं आणि मला धुऊन बायजाच्या पडवीतल्या कोनाड्यात ठेवलं. रिकामं झाल्यावर इतकं हलकं वाटेल अशी माझी कल्पना नव्हती. पण ते हलकेपण टिकलं नाही, कारण बायजाचा गाल रोज समोर होता. पापुद्रे गेले, लाली गेली, नवी कातडी आली. हाडावरचा काळसर डाग मात्र राहिला. डॉक्टरबाई म्हणतात, फिका होईल, वर्ष लागेल. आज वर्ष झालं, अजून दिसतो.

यंदाच्या चैत्रात स्नेहलने बायजासाठी नवं टोनर आणलं. पाणी देणाऱ्या घराण्यातलं. पाठीवरची पट्टी तशीच, किमतीसकट, आणि तिच्याखाली स्नेहलने स्वतःच्या अक्षरात मराठी चिठ्ठी डकवलेली. कधी, किती, कसं, वरून क्रीम, बाहेर जाताना काय. तिने ती बाटली बायजाच्या हातात दिली. बायजाने ती उलटी केली, पाठ बघितली, चिठ्ठीवर बोट ठेवून सावकाश एकेक अक्षर वाचलं. मग मान वर करून तिने विचारलं,

"ह्ये तू लावलंस काय आदी?"

आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. नुसता प्रश्न होता. पण घरच्या माणसाने दिलेल्या वस्तूविषयी बायजाने असा प्रश्न आजवर कुणालाच विचारला नव्हता.

"लावते ताई. रोज लावते," स्नेहल म्हणाली.

"मंग माज्यापुढं लाव."

स्नेहलने तोंड धुतलं, चार थेंब तळहातावर घेतले आणि जावेसमोर बसून आपल्या गालांवर थापले. बायजा टक लावून बघत होती. मग तिने केस मागे सारून कान पुढे केला. स्नेहलने कानामागे एक थेंब लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्नेहलने कितीतरी वेळ तो कान निरखला आणि म्हणाली, काही नाही झालं. तेव्हा कुठे बायजाने डोळे मिटून तोंड पुढे केलं.

मित्रांनो, बाटली घेताना दुसऱ्याचा चेहरा बघू नका, आपला बघा. तिची पाठ वाचा. नवं काही असेल तर आधी कानामागे लावा आणि एक दिवस दम धरा. हे सगळं माझ्यासारख्या कुठल्याही बाटलीने तुम्हाला सांगितलं असतं. माझं मागणं त्याहून थोडं जास्त आहे. आपल्याला जे झोंबलं, ते गप्प राहून दुसऱ्याच्या डब्यात घालू नका. बायजा आता ते टोनर रोज लावते, तिचं तोंड मऊ झालं आहे, हसताना ओढत नाही. पण स्नेहलने काहीही दिलं, अगदी लाडू दिला, तरी ती आधी विचारते, तू खाल्लास काय? आणि स्नेहल दर वेळी, न चिडता, तिच्यासमोर पहिला घास खाते.